मोठीआईसाठी एसओएसचा फोन घेताना

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास मोठीआई न्हाणीत पडली आणि दुपारी अडीचला सापडली. तीन तास ती ओल्या फरशीवर, उजवा हात अंगाखाली आलेला, तशीच पडून होती. फोन घरातच होता. मधल्या खोलीतल्या कोनाड्यात, चार्जिंगला लावलेला. त्या वेळात तो दोनदा वाजलाही. त्यातला एक फोन माझा होता.

मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. वय ७६. मोठे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. तिचा मुलगा, आमचा दादा, पुण्यात, तिची मुलगी, ताई, उमरग्याला दिलेली, मी छत्रपती संभाजीनगरात. शाळेतल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या. गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यातलं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. जुन्या गावात माळवदाला माळवद लागून होतं, एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात कळायची. नव्या गावात रुंद रस्ते आले, घरं सुटी सुटी झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या दिवशी गाव खुरपणीला रानात गेलेलं होतं आणि मोठीआईने मारलेल्या हाका कुणापर्यंत पोचल्या नाहीत. शेजारची सून परसदारी वाळत घातलेलं धुणं काढायला आली, तेव्हा तिला कण्हण्याचा आवाज आला. पुढच्या दाराला आतून कडी होती. मागचं दार नशिबाने नुसतं लोटलेलं होतं.

१०८ ची गाडी बोलावून तिला लातूरला नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या वयात इतका वेळ गारठ्यात पडून राहणं जास्त वाईट. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी आणि दादाने ठरवलं की तिला कुठूनही बोलावता येईल असं काहीतरी घ्यायचं. आमच्याकडे चल, हे आम्ही दोघांनीही म्हणून पाहिलं होतं. ती तयार नाही, आणि तिचं घर तिचं आहे.

पुढचा आठवडा फोन शोधण्यात गेला. आधी स्मार्टफोनचा विचार केला, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की मदतीचा संदेश जाण्याची सोय असते. माझ्या फोनवर ते तिला डाव्या हाताने करायला लावलं. तीनदा दाबून ती थांबायची, पडदा विझायचा. "माझ्याच्यानं होत नाही बाई हे," म्हणाली. पडल्याचं ओळखणारी घड्याळं पाहिली. ती महाग, रोज चार्ज करायची, आणि बहुतेकांना जोडीला स्मार्टफोन लागतोच. गळ्यात घालायचं बटणही पाहिलं. त्याला घरात इंटरनेट हवं होतं आणि वर्षाचे वेगळे पैसे. आमच्याकडे दिवसातून कितीदा वीज जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे राउटरच्या भरवशावरची वस्तू मी बाजूला ठेवली.

साध्या बटणांच्या फोनमध्येही एक सोय असते, ती मला तेव्हाच कळली. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असावं असा केंद्र सरकारचा नियम आहे. बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला की ११२ या संकटकाळच्या नंबरला फोन लागावा अशी ती रचना. तुमच्या घरातल्या फोनच्या पुस्तिकेत ते आहे का बघून ठेवा. पण चाचणी म्हणून ११२ लावू नका, तिथे कुणाचा तरी खरा फोन अडतो. आम्हाला मात्र ११२ च्या आधी शेजारी हवे होते. तिला त्या दिवशी पोलीस नको होते, उठवायला माणूस हवा होता.

म्हणून शेवटी ज्येष्ठांसाठीचा बटणांचा फोन घ्यायचं ठरलं. मोठे आकडे, मोठा आवाज, मागच्या बाजूला एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण. ते तीन सेकंद दाबून धरलं की सायरन वाजतो, ठरवलेल्या पाच नंबरांना मेसेज जातो आणि मग एकेकाला क्रमाने फोन लागत जातो; कुणी उचलला की थांबतो, आणि स्पीकर आपोआप चालू होतो. मी पाहिलेले असे फोन दोन ते चार हजारांत होते. आम्ही घेतला तो २,८५० रुपयांना. त्यातल्या दोन गोष्टींसाठी मी थोडे जास्त पैसे दिले. एक म्हणजे चार्जिंगची बैठक: फोन नुसता तिच्यात ठेवायचा, पिन शोधून खुपसायची नाही. एक हात प्लास्टरमध्ये असलेल्या बाईला हे किती मोठं आहे, ते ती पिन खुपसताना पाहिल्यावर कळतं. दुसरं म्हणजे तो ४जीवर चालणारा होता आणि ४जी नसेल तिथे २जीवर उतरणारा. दुकानदार आधी फक्त २जीचा, हजार रुपयांनी स्वस्त फोन पुढे करत होता. घेण्याआधी सिम कुठलं आहे ते नक्की बघा. जिओसारखं सिम २जी फोनमध्ये चालतच नाही.

खरी अडचण सिमचीच निघाली. मोठीआईचं सिम जुनं होतं, नव्या फोनसाठी ते ४जी करून घ्यायचं होतं. आणि ते होतं मोठ्या बाबांच्या नावावर.

मी म्हटलं, नवीन नंबर घेऊ, अर्ध्या तासाचं काम. मोठीआई गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते गेले, नंबर तरी राहू दे की." बँकेच्या खात्यालाही तोच नंबर जोडलेला होता आणि गावात सगळ्यांच्या तो तोंडपाठ होता, पण कारण ते नव्हतं. मग नाव बदलायचंच ठरलं.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती. मी रात्रीच्या गाडीने लातूरला उतरले, तिथून गावी, आणि तिला घेऊन परत लातूरला. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाचा खर्च फार नाही. पण प्लास्टरचा हात छातीशी धरून बसलेल्या माणसाला प्रत्येक गतिरोधक लागतो. कंपनीच्या दुकानात मृत्यूचा मूळ दाखला, त्याची झेरॉक्स, तिचं आधार आणि नातं दिसावं म्हणून रेशनकार्ड दिलं. पाऊण तासाने सांगितलं की बाकीच्या वारसांचं संमतीपत्र पाहिजे. हे आदल्या दिवशी फोनवर विचारलं तेव्हा कुणी बोललं नव्हतं. मोठीआई खुर्चीत बसून होती, तिला पाणी पाजलं आणि परत निघालो. बसमध्ये ती म्हणाली, "तुझी रजा गेली ना गं." मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून आवरलं.

आम्हाला हे साध्या कागदावर चाललं: आमच्या वडिलांच्या नावावरचा अमुक नंबर आईच्या नावावर करायला हरकत नाही, दादाची आणि ताईची सही, दोघांच्या आधारची झेरॉक्स. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच फेरीला हे करून न्या, मागितलं नाही तरी.

२१ डिसेंबरला दुसरी फेरी. या वेळी कागद पुरे होते, पण अंगठा जुळेना. डाव्या हाताची एकेक बोटं लावून झाली, उजव्या हाताची प्लास्टरमधून बाहेर आलेली टोकंही लावून झाली. साठ वर्षं खुरपं, सरपण आणि जातं धरलेला हात, त्याच्यावरच्या रेषा यंत्राला सापडत नव्हत्या. काउंटरवरचा मुलगा चांगला होता. त्याने अंगठ्याचा नाद सोडून आधारचा आणि तिचा समोर बसवून फोटो काढला आणि दुसऱ्या नंबरवर ओटीपी मागवून काम पूर्ण केलं. तो दुसरा नंबर माझा दिला. म्हणजे माणूस स्वतः समोर लागतोच, आणि सोबत स्वतःचा फोन असलेलं कुणीतरी लागतं. संध्याकाळी सहाला नवं सिम चालू झालं.

रविवारी सकाळी अंगणात चाचणी घेतली. मोठीआईने बटण दाबलं आणि सायरन वाजला. ती दचकून फोनच टाकायला निघाली. "काय बोंबलालंय हे!" पारावरची कुत्री उठली. मला फोन आला, दादाला आला, पण मेसेज एकालाही नाही. पाच वेळा करून पाहिलं. मला वाटलं, फोनच खराब. परत पाठवायच्या खोक्यात घातलासुद्धा. मग कंपनीला फोन लावल्यावर कळलं की सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवतात, फसवणूक होऊ नये म्हणून. रात्री पुन्हा दाबलं, पाचही मेसेज गेले. हे आधी माहीत असतं तर तो अख्खा दिवस वाया गेला नसता.

त्याच दिवशी घरभर फिरून नेटवर्क पाहिलं. अंगणात पूर्ण, मधल्या खोलीत दोन कांड्या, न्हाणीत दार लावलं की एक. त्या एका कांडीवर फोन लागतो की नाही ते मी फरशीवर बसून, फोन जमिनीजवळ धरून पाहिलं. उभं राहून पाहू नका. माणूस पडतो तेव्हा फोनही खालीच असतो.

आता नंबरांची यादी. मी ती कसलाही विचार न करता भरली होती: एक मी, दोन दादा, तीन ताई, चार जावई, पाच शेजारची सून. रक्ताचं नातं तसा क्रम. ही चूक होती, आणि ती येळवसला कळली.

३० डिसेंबरला दर्शवेळ अमावस्या, म्हणजेच येळवस होती. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. भज्जी, आंबील, उंडे घेऊन सगळं गाव रानात. मी त्यासाठी सोमवारची रजा घेऊन आले होते. मोठीआई प्लास्टरमुळे येते म्हणाली नाही, मीही आग्रह केला नाही. दुपारी एकच्या सुमारास, आम्ही कडब्याच्या खोपीपाशी पंगतीत बसलो असताना, तिने घरी बटण दाबलं. काही झालं नव्हतं. तिने नंतर सरळ सांगितलं, "कोण येतंय ते बघावं म्हणलं."

माझा फोन खोपीत पिशवीत होता, मला ऐकू आला नाही. दादाचा बंद होता, आणि बंद असताना येणारे कॉल त्याने कुठल्याशा मिस्ड कॉलच्या सेवेकडे वळवून ठेवले होते. ती रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली, मोठीआईच्या फोनला वाटलं कुणीतरी उचलला, आणि त्याने पुढच्यांना फोन लावणं थांबवलं. ताईने मेसेज पाहिला तो वीस मिनिटांनी. तिने घाबरून मला आठ फोन केले. मी पिशवी उघडली तेव्हा दीड वाजून गेला होता. रानातून घरापर्यंत मी पळत आले, पायात चप्पल नव्हती हे घरी पोचल्यावर कळलं.

ओसरीवर मोठीआई बसलेली आणि समोर गिरणीवाले चाचा आणि चाची. सायरन ऐकून ते दोघं पाच मिनिटांत आले होते. त्यांना शेत नाही, गिरणीमागेच घर आहे, ते गाव सोडून कुठे जात नाहीत. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी यादी पुसून पुन्हा लिहिली. एक चाची, कारण गिरणी चालू असली की चाचांना फोन ऐकू येत नाही. दोन शेजारची सून. तीन चाचा. चार मी. पाच दादा. चौथ्या जागेवर स्वतःचा नंबर टाकताना मला लागलं, हे लिहायला हवं. तीनशे किलोमीटरवरून मी फार तर दुसऱ्या कुणाला तरी फोन करणार, हे मला कळत होतं, तरी लागलं. दादाने मिस्ड कॉलची ती सेवा काढून टाकली. पाचही जणांच्या फोनवर मोठीआईचा नंबर तारांकित करून, फोन शांत ठेवला तरी तिचा कॉल वाजेल असं केलं. आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारलं, तुमचा नंबर टाकू का, रात्री दोनला वाजला तर चालेल का. चाची म्हणाल्या, "विचारायला काय आली, वाजू दे की." मेसेज कसा दिसतो, तो आला की आधी घरी जायचं आणि लागलीच तर तिथून १०८ लावायची, हे सगळ्यांना दाखवलं. पुढच्या दाराची आतली कडी काढून बाहेरूनही किल्लीने उघडेल असं कुलूप बसवलं. त्याची एक किल्ली चाचीकडे असते. त्यांना ऐकू जाऊन दार उघडता आलं नसतं, तर सगळं व्यर्थ होतं.

सायरनवरून दादाचं आणि माझं वाजलं. तो म्हणाला, आवाज बंद करू, चुकून दाबला गेला की गाव गोळा होईल, तिला लाज वाटेल. आणि चुकून दाबला जातच होता. ती फोन कमरेला खोचायची आणि बसताना बटण दबायचं. मीही जवळजवळ तयार झाले होते. मोठीआई भाकरी थापत ऐकत होती. तिने विषयच संपवला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ती ज्या घरात होती, त्याविषयी ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "आवाज येत होता ती माणसं निघाली. आवाज राहू दे." सायरन तसाच आहे. कमरेऐवजी फोन आता गळ्यात, मी शिवलेल्या कापडी पिशवीत असतो, बटणाची बाजू बाहेर. तुळशीच्या माळेत दोरी अडकायची म्हणून दोरी आखूड केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर निघालं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये फोनसाठी मिळतील का ते विचारून पाहिलं. त्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची असं आहे, फोन नाही. न्हाणीत बसायला खुर्ची हवीच होती, म्हणून तिच्यासाठी चौकशी चालू केली आहे. ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवरही बोलले. सकाळी ८ ते रात्री ८ असते, माणूस नीट बोलतो, योजना आणि कागदपत्रांचं विचारायला चांगली. संकटकाळी लावायचा नंबर मात्र तो नव्हे.

रिचार्जचं एक राहिलं. सगळ्यात स्वस्त पॅकमध्ये एसएमएस असतातच असं नाही, आणि एसएमएस नसेल तर एसओएसचा मेसेज जात नाही. उलट इंटरनेटचे पैसे तिच्यासाठी वाया. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक द्यायला सांगितलं, ते जानेवारीच्या शेवटी आले. आमचा ८४ दिवसांचा, पाचशेच्या आत बसला. संपायच्या आठवडाभर आधीची आठवण मी माझ्याच फोनमध्ये लावली आहे, तिच्या फोनवर येणारे मेसेज ती वाचत नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला संध्याकाळी सातला ती बटण दाबते. त्या दिवशी पहिले तिघं मुद्दाम उचलत नाहीत, म्हणजे फोन माझ्यापर्यंत येतो. १ मार्चला आला तेव्हा मागे कुकरची शिट्टी वाजत होती आणि ती म्हणाली, "आलंय का तुझ्याकडं? बरं, ठेवते, वरण लागंल."

आंघोळीच्या वेळी मात्र ती पिशवी गळ्यातून काढते, भिजेल म्हणून. पडली होती ती न्हाणीतच. म्हणून जानेवारीत तिथे एक खिळा मारला, जमिनीपासून वीतभर वर. गवंडी म्हणाला, एवढ्या खाली काय अडकवणार. मी खाली बसून, हात लांब करून त्याला दाखवलं. गेल्या रविवारी मोठीआईचा साध्या बटणावरून फोन आला. "येताना अजून एक खिळा आण," म्हणाली. "गोठ्यात मारायचाय. तिथं बी खालीच मार."